खोलीतला खर्ज

विजयादशमीच्या दिवशी म्हैसूरच्या राजवाड्यातून जंबू सवारी निघते, तेव्हा एकवीस तोफांची सलामी दिली जाते. त्या आवाजाने सवारीतील हत्ती व घोडे बिथरू नयेत, म्हणून दसऱ्यापूर्वी त्यांच्यासमोर तोफा डागण्याची तालीम घेतली जाते. ही तालीम दूरवरून ऐकणाऱ्याच्या एक गोष्ट सहज लक्षात येते. माणसांची बोलणी, घोड्यांच्या टापा, वाद्यांचे उंच स्वर हे सारे वाटेतच विरून जातात. पण तोफेचा घुमारा घरांच्या भिंती ओलांडून आत येतो आणि कानापेक्षा छातीलाच अधिक जाणवतो. उंच स्वर हवेत लवकर शोषले जातात, आडव्या आलेल्या भिंतीने अडतात. मंद्र ध्वनी मात्र हवेत फारसा झिजत नाही, अडथळ्याला वळसा घालून जातो आणि भिंतीतूनही झिरपतो.

हा मंद्र ध्वनी पाच मीटर लांब व चार मीटर रुंद अशा बैठकीच्या खोलीत आणून बसविण्याचे काम सबवूफर नावाच्या पेटीकडे असते. ही पेटी पैसे मोजले की दुकानातून मिळते. खर्ज मात्र दुकानात मिळत नाही. तो ज्या त्या खोलीत जुळवून घ्यावा लागतो. ही जुळवणी न केल्यामुळे अनेक घरांतून एकच तक्रार ऐकू येते : आवाज पुष्कळ आहे, पण संवाद कळत नाहीत. घरातील वृद्ध माणूस दर दोन मिनिटांनी "काय म्हणाला?" असे विचारतो, कोणीतरी आवाज आणखी वाढवितो, शेजारी भिंत ठोठावतो, आणि संवाद पूर्वीइतकेच अस्पष्ट राहतात. असे का घडते आणि ते कसे टाळावे, याचा विचार या प्रकरणात करावयाचा आहे.

घरात आलेला आवाज

म्हैसूरला घरबसल्या संगीत ऐकण्याची परंपरा जुनी आहे. मानसशास्त्राचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १९३५ साली येथे आपल्या राहत्या घरातच एक खाजगी नभोवाणी केंद्र सुरू केले. त्या केंद्राचे 'आकाशवाणी' हे नाव पुढे देशाच्या नभोवाणीने स्वीकारले. म्हैसूरचे शेवटचे महाराज जयचामराजेंद्र वडियार हे पाश्चात्त्य संगीताचे जाणकार होते. रशियन संगीतकार निकोलाय मेट्नर यांच्या रचनांचे ध्वनिमुद्रण व्हावे म्हणून १९४० नंतरच्या दशकात त्यांनी द्रव्यसाहाय्य केले, आणि मेट्नर यांनी आपला तिसरा पियानो कन्चेर्तो त्यांना अर्पण केला.

पियानोच्या सर्वांत खालच्या तारेची कंप्रता सेकंदाला २७.५ म्हणजे २७.५ हर्ट्झ असते. त्या काळच्या तबकड्यांवर व ग्रामोफोनच्या कर्ण्यातून हा मूळ कंप अगदीच क्षीण येत असे. श्रोत्याला तो स्वर तरीही ओळखू येई, कारण त्या स्वरातील वरच्या कंप्रता ऐकून मन मूळ स्वराची उणीव स्वतःच भरून काढते. लहानशा रेडिओवरही डग्ग्याची घुमक कळते ती याच कारणाने. मात्र ती कळते, भासत नाही.

हा अभाव भरून काढण्याचा प्रयत्न प्रथम चित्रपटगृहांनी केला. १९७४ च्या 'अर्थक्वेक' या अमेरिकन चित्रपटासाठी भूकंपाचा हादरा देणारे प्रचंड ध्वनिक्षेपक निवडक चित्रपटगृहांत बसविण्यात आले. १९७७ च्या 'स्टार वॉर्स'च्या ७० मिलिमीटर प्रतींत मंद्र ध्वनीसाठी वेगळे पट्टे राखले होते. १९९२ पासून डॉल्बीच्या अंकीय पद्धतीत पाच पूर्ण वाहिन्या व मंद्र ध्वनीची एक मर्यादित वाहिनी अशी रचना आली. ज्याला आपण 'पाच पूर्णांक एक' म्हणतो त्यातील दशांश चिन्हानंतरचा एक तो हाच. पुढे डीव्हीडीबरोबर ही रचना घराघरांत पोहोचली. चित्रपटगृहाची मोठी वास्तू मात्र तिच्याबरोबर घरात आली नाही, आणि साऱ्या अडचणीचे मूळ तेथेच आहे.

तरंग मोठा, खोली लहान

म्हैसूरच्या समशीतोष्ण हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४५ मीटर धरता येईल. या वेगाला कंप्रतेने भागले म्हणजे तरंगलांबी मिळते. २०,००० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी पावणेदोन सेंटिमीटर भरते, ८० हर्ट्झची सुमारे सव्वाचार मीटर, आणि २० हर्ट्झची सतरा मीटरांहून अधिक. आपल्या दोन कानांतील अंतर वीतभरही नसते. त्यामुळे सव्वाचार मीटरांचा तरंग कोणत्या बाजूने आला हे कानांना सांगता येत नाही. एकच सबवूफर सर्वांना पुरतो आणि तो दूरदर्शन संचाच्या शेजारीच असला पाहिजे असे बंधन नसते, ते यामुळेच.

परंतु या मोठ्या तरंगांना लहान खोलीत मोकळेपणाने प्रवास करता येत नाही. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये तो पुन्हा पुन्हा परततो. ज्या तरंगाची अर्धी लांबी दोन भिंतींमधील अंतराइतकी असते, त्याचे जाणारे व येणारे तरंग एकमेकांत मिसळून खोलीत एक स्थिर आकृती तयार होते. तिला स्थिर तरंग म्हणतात. आपल्या उदाहरणातील खोली पाच मीटर लांब, चार मीटर रुंद व तीन मीटर उंच आहे असे मानू. लांबीच्या दिशेने पहिला स्थिर तरंग ३४.५ हर्ट्झला व दुसरा ६९ हर्ट्झला पडेल, रुंदीच्या दिशेने पहिला सुमारे ४३ हर्ट्झला आणि उंचीच्या दिशेने पहिला ५७.५ हर्ट्झला.

पहिल्या स्थिर तरंगात हवेचा दाब भिंतींपाशी सर्वाधिक बदलतो व खोलीच्या मध्यावर जवळजवळ बदलतच नाही. म्हणून मागील भिंतीला टेकवलेल्या सोफ्यावर ३४.५ हर्ट्झ घुमतो, तर खोलीच्या मध्यावर तो जवळजवळ नाहीसा होतो. मध्यावर बसावे, तर दुसरा, ६९ हर्ट्झचा तरंग तेथेच शिगेला पोहोचलेला असतो. मागील भिंतीपासून लांबीच्या सुमारे एक तृतीयांश अंतरावर हे दोन्ही मध्यम प्रमाणात मिळतात. सोफा हातभर पुढे ओढल्याने कधीकधी नव्या यंत्राइतका फरक पडतो तो यामुळे.

येथे घराची बांधणीही महत्त्वाची ठरते. म्हैसूरच्या जुन्या चौकाच्या घरांत वर कौलांचे छप्पर व मध्ये उघडा चौक असे. मंद्र ध्वनी हलक्या छपरातून व उघड्या चौकातून बाहेर निघून जाई. सिमेंट काँक्रीटची खोली मात्र त्याला कोंडून धरते, त्यामुळे घुमारा वाढतो. लांबी, रुंदी व उंची सारखीच असलेली खोली सर्वांत वाईट, कारण तिन्ही दिशांचे स्थिर तरंग एकाच कंप्रतेवर येऊन साचतात. पडदे व सतरंज्या उंच स्वरांचा खणखणाट कमी करतात. पाच-दहा मीटर लांबीच्या तरंगावर त्यांचा परिणाम नगण्य असतो.

जागा शोधणे

सबवूफर कोपऱ्यात ठेवला की तीन पृष्ठभागांचा आधार मिळून आवाज सर्वांत मोठा येतो, पण खोलीतील सगळे स्थिर तरंगही एकदम जागे होतात. चार मीटर रुंदीच्या समोरच्या भिंतीच्या बरोबर मध्यावर ठेवला, तर रुंदीचा ४३ हर्ट्झचा तरंग जागाच होत नाही, कारण त्याचा निःस्पंद तेथेच असतो. यामुळे सोफ्याच्या टोकाला बसणाऱ्याला व मध्ये बसणाऱ्याला त्या कंप्रतेचा अनुभव सारखा येतो.

प्रत्यक्षात दारे, खिडक्या, कपाटे यांमुळे खोली हिशेबाबाहेर वागते. तेव्हा एक सोपी युक्ती वापरावी. ध्वनीचा उगम व श्रोता यांच्या जागा परस्परांशी बदलल्या तरी त्यांच्यातील नाते तेच राहते, असा ध्वनिशास्त्राचा नियम आहे. लॉर्ड रॅली यांनी एकोणिसाव्या शतकात त्याची मांडणी केली. त्याचा उपयोग असा : सबवूफर क्षणभर सोफ्यावर, श्रोत्याच्या जागी ठेवावा. संथ चढत-उतरत जाणारा मंद्र स्वरांचा ओळखीचा तुकडा त्यावर लावावा. मग भिंतीच्या कडेने, कान सबवूफरच्या उंचीवर येईल इतके वाकून किंवा रांगत, हळूहळू फिरावे. जेथे एकही स्वर फुगत नाही व एकही गळत नाही, सर्व स्वर समान व स्पष्ट येतात, ती सबवूफरची जागा. घरातील मुलांना या कामाची मोठी मौज वाटते, आणि त्यांचे कानही तरुण असतात.

जोडणी

रिसीव्हरच्या सबवूफरसाठी राखलेल्या छिद्रातून एक तार सबवूफरपर्यंत न्यावी. ही तार जोडताच सतत 'हूं' असा नाद आला, तर तो विजेच्या ५० हर्ट्झ प्रवाहाचा असतो. दोन उपकरणे दोन वेगळ्या ठिकाणी जमिनीशी जोडली गेल्याने तो बहुधा उद्भवतो. दोन्ही उपकरणे एकाच बोर्डावरून चालवून पाहावीत. प्लगची भूसंपर्काची तिसरी पिन काढून टाकणे हा उपाय काही लोक करतात. त्याने नाद थांबतो खरा, पण बिघाड झाल्यास उपकरणाच्या धातूच्या अंगात वीज उतरून जिवाला धोका होतो. हा उपाय कदापि करू नये.

पुढे काम वाटून द्यावयाचे. कोणत्या कंप्रतेच्या खालचा ध्वनी सबवूफरने घ्यावा ही मर्यादा म्हणजे क्रॉसओव्हर. सामान्यतः ८० हर्ट्झपासून आरंभ करावा. त्याच्या फार वर गेल्यास पुरुषाच्या बोलण्यातील खालचे स्वर सबवूफरकडे जातात आणि माणूस पडद्यावर उभा असून कोपऱ्यातून बोलतो आहे असे वाटू लागते. रिसीव्हरमध्ये बाकीच्या ध्वनिक्षेपकांची नोंद 'लहान' अशी करावी. हा त्यांच्या प्रतिष्ठेचा प्रश्न नाही. मंद्र ध्वनी त्यांच्याकडून काढून घेण्याची ती सूचना आहे. सबवूफरच्या पाठीवरही क्रॉसओव्हरची एक कळ असते. विभागणी रिसीव्हर करीत असेल, तेव्हा ती कळ शेवटच्या टोकाला न्यावी, अन्यथा एकाच ध्वनीला दोन चाळण्या लागतात.

मोजणी व मेळ

बहुतेक रिसीव्हरांबरोबर एक ध्वनिग्राहक येतो व तो जुळवणी आपोआप करतो. हे काम खोली निवांत असताना करावे. पंखा व मिक्सर बंद असावेत. ध्वनिग्राहक हातात न धरता बसलेल्या श्रोत्याच्या कानाच्या उंचीवर तिवईवर ठेवावा. आरंभी सबवूफरची आवाजाची कळ मध्यावर असावी. यंत्राने सबवूफरची पातळी फार कमी किंवा फार जास्त करून दाखविली, तर ही कळ फिरवून जुळवणी पुन्हा करावी, म्हणजे यंत्राची दुरुस्ती शून्याच्या जवळपास येईल. सबवूफर चार मीटरांवर असून यंत्राने सहा मीटर अंतर दाखविले, तर ती चूक समजू नये. सबवूफरमधील विद्युत् मंडलामुळे ध्वनी किंचित उशिरा निघतो, आणि यंत्र तो उशीर अंतराच्या भाषेत सांगत असते.

हाताने मोजावयाचे झाल्यास ध्वनिपातळी मोजणारे उपकरण 'सी' मापावर व मंद गतीवर ठेवावे. रिसीव्हरचा चाचणीध्वनी लावून प्रत्येक ध्वनिक्षेपक व सबवूफर श्रोत्याच्या जागी एकाच पातळीवर, बहुधा ७५ डेसिबलवर, आणावा. 'ए' मापावर हे काम होत नाही. ते माप ५० हर्ट्झचा ध्वनी खऱ्याहून ३० डेसिबल कमी दाखविते, आणि त्यावर विसंबून जुळवणारा माणूस सबवूफर वाजवीपेक्षा कितीतरी मोठा करून ठेवतो. भ्रमणध्वनीवरील मापकांचीही मंद्र ध्वनीपुरती फारशी खात्री देता येत नाही.

आता कलेचा मेळ. येथे कला म्हणजे तरंगाच्या चढउताराची अवस्था. सबवूफर हवा पुढे ढकलीत असता समोरचे ध्वनिक्षेपक ती मागे ओढू लागले, तर ८० हर्ट्झच्या आसपास दोघांचे श्रम एकमेकांना खाऊन टाकतात. समोरचे ध्वनिक्षेपक व सबवूफर एकत्र चालू ठेवून ८० हर्ट्झचा स्वर लावावा. एकाने सोफ्यावर बसावे, दुसऱ्याने कलेची कळ शून्यावरून १८० अंशांवर न्यावी. ज्या स्थितीत बसलेल्याला आवाज भरीव येतो ती योग्य.

यानंतरही एखादी कंप्रता फुगलेली राहिली, तर ती समकारकाने कापावी. खड्डा मात्र भरावयास जाऊ नये. दहा डेसिबल वाढविण्यासाठी प्रवर्धकाला दहापट शक्ती लागते, आणि भिंतीवरून परतणारा तरंगही तितकाच वाढत असल्याने खड्डा भरत नाहीच. त्यावर जागा बदलणे हाच उपाय. २००२ साली टॉड वेल्टी यांनी अनेक मांडण्या तपासून दाखविले की समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर ठेवलेले दोन सबवूफर सर्व आसनांवरचा खर्ज पुष्कळ सारखा करतात. एका मोठ्या सबवूफरच्या किमतीत दोन साधे मिळत असतील, तर हा विचार जरूर करावा.

कानाचा न्याय

यंत्राने दिलेला निकाल शेवटी कानापुढे ठेवावयाचा असतो, आणि कानाचेही काही स्वभाव असतात. १९३३ साली फ्लेचर व मन्सन यांनी दाखविले की मंद्र स्वर ऐकण्यात आपला कान मंद असतो. ४० हर्ट्झचा स्वर जेमतेम ऐकू यावा म्हणून त्याची पातळी १,००० हर्ट्झच्या स्वरापेक्षा सुमारे ५० डेसिबल अधिक असावी लागते. पण एकदा ही मर्यादा ओलांडली की थोड्याशा वाढीनेही खर्ज एकदम मोठा वाटतो. म्हणून सबवूफरची कळ फिरविताना ती केसभर फिरवावी, आणि घरात ज्या पातळीवर नेहमी ऐकले जाते त्याच पातळीवर निर्णय घ्यावा.

दुसरा स्वभाव त्याहून महत्त्वाचा आहे. १९२४ साली वेगेल व लेन यांनी मोजून दाखविले की मोठा मंद्र स्वर आपल्याहून उंच स्वरांना झाकून टाकतो. उंच स्वर मंद्राला तितकेसे झाकू शकत नाहीत. बोलण्याचा अर्थ मुख्यतः व्यंजनांत असतो, आणि 'स', 'त', 'फ' यांसारख्या व्यंजनांचे बळ दोन हजार हर्ट्झच्या वरच्या प्रदेशात असते. वयोमानाने प्रथम ओसरते ती याच प्रदेशातील श्रवणशक्ती. अशा वृद्ध माणसापुढे फुगलेला खर्ज वाजू लागला म्हणजे उरलीसुरली व्यंजनेही बुडतात. त्यावर सर्व आवाज वाढविणे म्हणजे बुडणाऱ्याच्या डोक्यावर आणखी पाणी ओतणे होय. योग्य उपाय उलट आहे : खर्ज खाली आणावा, संवाद ज्यातून येतात तो मधला ध्वनिक्षेपक दोन-तीन डेसिबल वर न्यावा. एवढे करूनही बोलणे कळत नसेल, तर दोष यंत्रात शोधू नये. श्रवणाची तपासणी करून घ्यावी. म्हैसूरकरांना त्यासाठी दूर जावे लागत नाही. मानसगंगोत्री परिसरात १९६५ साली स्थापन झालेले अखिल भारतीय वाक् श्रवण संस्थान याच कामासाठी आहे.

शेजाऱ्याचाही कान असतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ व रात्री दहापासून सकाळी सहापर्यंत ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. ही मर्यादा 'ए' मापाने मोजली जाते. म्हणजे मापकाचा काटा निर्दोष ठरवीत असतानाही भिंतीपलीकडे निजलेल्या मुलाच्या खाटेपर्यंत घुमारा पोहोचत असतो. पेटीखाली जाड रबराची गादी ठेवल्याने तिचे फरशीला बसणारे धक्के कमी होतात. हवेतून जाणारा खर्ज तिने अडत नाही. रात्री खर्ज उतरवून ठेवणे हाच खात्रीचा मार्ग आहे.

सर्व जुळवणी झाल्यावर एक परीक्षा घ्यावी. ओळखीचे तबलावादन लावावे. डग्ग्यावरील घुमक दायांच्या बोलाबरोबर, त्याच ठिकाणाहून, त्याच क्षणी यावी. मागाहून लोंबकळत येऊ नये. सबवूफर चालू असताना तो कोठे ठेवला आहे ते पाहुण्याला सांगता येऊ नये, आणि बंद करताच काहीतरी गेले असे त्याला वाटावे. मग एखादा चित्रपट लावून घरातील सर्वांत वयस्क माणसाला त्याच्या नेहमीच्या जागी बसवावे. पडद्यावर तोफ कडाडली असता तिचा हादरा त्याच्या छातीला जाणवला, आणि पुढचेच हलक्या आवाजातील वाक्य त्याला कोणालाही न विचारता कळले, म्हणजे खोलीतला खर्ज जुळला असे समजावे.